तोंड उघडून पाहा

माणसाच्या शरीरात कॅन्सर जिथे जिथे होतो, त्यांपैकी बहुतेक जागा डोळ्यांना दिसत नाहीत. जठर, यकृत, फुप्फुस, आतडे यांत काय चालले आहे हे कळायला दुर्बीण लागते, सोनोग्राफी लागते. तोंडाच्या कॅन्सरचे तसे नाही. तो आरशात दिसतो. पुष्कळदा तो होण्याच्या आधीच गालाच्या आत पांढरा किंवा लाल डाग उमटतो आणि महिनोन् महिने, कधी काही वर्षे तसाच राहतो. तरीही आपल्या देशात या रोगाचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेल्यावरच मोठ्या दवाखान्यात पोहोचतात. असे का होते आणि परभणी जिल्ह्यातल्या आपल्या घरांना यात काय करता येईल, हे या महिन्याच्या सदरात आम्ही मांडत आहोत.

जशी सवय तसा रोग

कॅन्सर म्हटले की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो ‘तकदीर’. पण जगाचा नकाशा समोर ठेवला तर वेगळेच दिसते. प्रत्येक मुलखाचा आपला एक कॅन्सर असतो आणि तो तिथल्या खाण्यापिण्याच्या, राहणीच्या मागे मागे जातो. जपान आणि कोरिया या देशांत जठराचा, म्हणजे पोटाचा कॅन्सर फार. तिथे खारवलेले मासे, मिठात मुरवलेल्या भाज्या पिढ्यान् पिढ्या खाल्ल्या गेल्या. त्यात जठरात घर करणाऱ्या एका जिवाणूची भर पडली. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नावाचा हा जिवाणू ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी १९८२ साली शोधला आणि २००५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. मिझोराममध्ये पुरुषांत पोटाचा कॅन्सर सर्वांत पुढे आहे. तिथे धुरावर वाळवलेले मांस, जास्त मीठ आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी तोंडात धरण्याची सवय आहे. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या राष्ट्रीय नोंदींनुसार ऐझॉल जिल्ह्यात दर लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे २६९ जणांना कोणता ना कोणता कॅन्सर होत होता. त्याच नोंदीत आपल्या शेजारच्या बीड आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हा आकडा ४० च्या आसपास, देशात सर्वांत कमी होता. देश एक, अल्लाहची जमीन एक, माणसेही तीच. फरक आहे तो राहणीमानाचा आणि सवयींचा.

म्हणजे आपण निश्चिंत राहावे का? नाही. कारण पोटाच्या कॅन्सरच्या बाबतीत जपान-कोरियाचे जे स्थान आहे, तेच तोंडाच्या कॅन्सरच्या बाबतीत हिंदुस्थानचे आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण झाले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४४ हजार एकट्या भारतातले. त्या वर्षी जगात या रोगाने सुमारे १ लाख ८८ हजार माणसे गेली, त्यांतली ८० हजारांच्या घरातली आपल्या देशातली. जगातल्या दर सहा माणसांत एक भारतीय आहे, पण या रोगाच्या दर पाच मृत्यूंमध्ये दोन भारतीय आहेत.

याचे कारण आपल्या खिशात, पानदानात आणि चुलीजवळच्या डबीत आहे.

‘ही काही नशा नाही’

दारूच्या बाबतीत आपल्या समाजात शंका नाही. जो पितो तोही लपून पितो आणि तौबेची गरज मानतो. तंबाखूचे मात्र तसे नाही. मोंढ्यातला हमाल पोती उचलण्याआधी तळहातावर तंबाखू-चुना मळतो. रिक्षावाला सवारीची वाट पाहताना पुडी फोडतो. दुकानदार गिऱ्हाईक नसले की मावा तोंडात धरतो. दावतीनंतर पाहुण्यांसमोर पान-सुपारीचे तबक येतेच. लहान मुलांच्या हातात पाच रुपयांची सुगंधी सुपारी आपणच देतो. यातल्या कुणालाही आपण नशा करतो असे वाटत नाही.

तंबाखू आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांबरोबर, दख्खनच्या वाटेने. अकबर बादशहाचा सरदार असद बेग हा विजापूरहून परतताना तंबाखू आणि हुक्का घेऊन दरबारात गेला. बादशहाच्या हकिमांनी तेव्हाच नापसंती दाखवली होती. पुढे जहांगीरने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही. म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात ही वस्तू अरबस्तानात नव्हती. त्यामुळे तिचे नाव घेऊन हुकूम आलेला नाही आणि उलमांमध्ये सुरुवातीला मतभेद झाले. कुणी मुबाह म्हटले, कुणी मकरूह, कुणी हराम. त्या काळी तिचा अपाय कुणी मोजलेला नव्हता. आज तो मोजलेला आहे, आणि म्हणूनच अलीकडच्या काळात अनेक देशांच्या उलमांनी तिला हराम ठरवले आहे. फतवा देणे हे आमचे काम नाही. आम्ही एवढेच म्हणतो की ‘मकरूह तर आहे’ हे वाक्य आपण सवलत म्हणून वापरतो. मकरूह म्हणजे नापसंत. अल्लाहला नापसंत असलेली वस्तू दिवसातून दहा वेळा तोंडात धरायची, याला सवलत कसे म्हणावे?

सूरह बकराच्या १९५ व्या आयतीत आपल्याच हातांनी स्वतःला विनाशाकडे नेण्याची मनाई आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण प्रत्येक बयानात ऐकतो. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे, कारण त्या वासाचा इतरांना त्रास होतो. मग तंबाखूने भरलेले तोंड सफेत उभे राहण्याच्या क्षणापर्यंत थुंकत-चूळ भरत आणणे आपल्याला खटकत का नाही?

गालाच्या आत काय होते

तंबाखू गालात धरली की तिच्यातली विषारी रसायने, विशेषतः नायट्रोसामाइन नावाची, लाळेत उतरतात आणि तासन् तास एकाच जागी त्वचेला लागून राहतात. चुना घातला की निकोटिन लवकर रक्तात शिरते. म्हणूनच चुन्याशिवाय तंबाखू ‘लागत नाही’. निकोटिनने सवय जडते, नायट्रोसामाइनने पेशींचे मूळ बिघडते, चुन्याने नाजूक कातडी पोळते. ज्या बाजूला माणूस गोळी धरतो, पुष्कळदा त्याच बाजूला जखम निघते.

‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ असे म्हणणारे घराघरात आहेत. त्यांनी हे नीट वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करते असा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतला थर हळूहळू ताठ, दोरीसारखा होतो. तिखट लागले की आग होते. मग तोंड उघडणे कमी कमी होत जाते. आधी वडा तुकडे करून खावा लागतो, मग घासही चेपून घालावा लागतो. एकदा असा ताठरपणा आला की तो पूर्ववत होत नाही आणि यांतल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. हा त्रास आता विशीतल्या मुलांत दिसतो, कारण सुपारी-गुटखा त्यांनी शाळेच्या वयातच सुरू केलेला असतो.

महाराष्ट्राने याची किंमत जाहीरपणे पाहिली आहे. राज्याचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने गेले. तेव्हा ते साठीचेही नव्हते. शरद पवार यांच्यावर २००४ साली याच रोगाची शस्त्रक्रिया झाली. या सवयीपासून कुणी वेळीच सावध केले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी नंतर जाहीर कार्यक्रमात सांगितले. सत्ता, पैसा, मुंबईचे मोठे डॉक्टर हाताशी असलेल्यांची ही गत, तर मोंढ्यातल्या हमालाची काय असेल?

घरातल्या बायकांचे काय?

या विषयावर बोलताना आपण नेहमी पुरुषांचेच बोलतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर १०० प्रौढांपैकी सुमारे २४ जण धूर न काढता खाण्याची-लावण्याची तंबाखू वापरत होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात १६ ते १७ होते. म्हणजे दर सहा बायकांत एक. यातला मोठा भाग मिश्रीचा आहे. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. दादी लावते म्हणून सून लावते, सून लावते म्हणून मुलगी. विचारले तर उत्तर येते, ‘दात घासते फक्त.’ मग हे दात घासणे दिवसातून चार-पाच वेळा का होते आणि एक वेळ चुकली तर डोके का दुखते? कारण ती दातांची गरज नसून निकोटिनची ओढ असते.

दात साफ करण्यासाठी आपल्याला मिस्वाकची सुन्नत मिळालेली आहे. प्रेषित (स.) यांनी तोंडाच्या स्वच्छतेवर जेवढा भर दिला तेवढा क्वचितच कुणी दिला असेल. ज्या उम्मतला पाच वेळच्या वुजूत कुल्ली शिकवली गेली, तिच्या घरात दात घासण्याच्या नावाखाली जळलेली तंबाखू असावी, हे दुःखद आहे.

गरोदर भगिनींनी तर हे अधिक मनावर घ्यावे. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मिश्री आणि खाण्याची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. पोटातल्या बाळाने तर डबीला हात लावलेला नसतो.

बायकांचा आजार उशिरा कळण्याचे आणखी एक कारण आहे. तोंडातली जखम दाखवायला त्यांना शरम वाटते. ‘मिश्री लावतेस?’ असे डॉक्टर विचारतील याची भीती वाटते. घरातल्या सगळ्यांचे दवाखाने झाल्यावर त्यांची पाळी येते. शौहर, मुले आणि भाऊ यांनी एवढे तरी करावे की अम्मी किंवा बीवी दोन आठवडे तिखट टाळते आहे, एकाच बाजूने चावते आहे हे दिसले तर विचारावे, आणि विचारून थांबू नये, सोबत जावे.

‘तोंड आलंय’ म्हणून गेलेले महिने

मानवत तालुक्यातल्या एका भगिनीने आम्हाला कळवलेली हकिकत इथे नाव-गाव न देता सांगतो. शौहर पोती उचलण्याचे काम करणारे, वय ४२. गालात फोड आला. आठ दिवस मध लावले, मग दुकानातून गोळ्या आणल्या. दोन महिन्यांनी दाढ हलू लागली म्हणून दाढ काढून घेतली. दाढेची जागा भरेना. कुणी दम करून आणले, कुणी काढा दिला. नातेवाइकांनी सांगितले, ‘तुकडा तपासायला दिला की रोग पसरतो, हात लावू देऊ नका.’ असे करता करता आठ महिने गेले. मानेत गाठ आली तेव्हा संभाजीनगर गाठले. जबड्याचा भाग काढावा लागला. आज ते हयात आहेत, अलहम्दुलिल्लाह. पण पातळ अन्नावर आहेत, बोललेले घरच्यांनाच समजते, आणि बारावीतली मुलगी कॉलेज सोडून शिलाईवर बसली आहे. ती भगिनी लिहिते की पहिल्या पंधरा दिवसांत कुणी ‘बॅटरी लावून नीट बघा’ एवढे सांगितले असते तरी चालले असते.

तुकडा तपासल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. तो तपासल्याशिवाय रोग कोणता हेच कळत नाही. दुवा जरूर करावी, पण प्रेषितांनी (स.) इलाज करण्याचाही आदेश दिला आहे आणि प्रत्येक आजाराला अल्लाहने शिफा ठेवली आहे असे सांगितले आहे. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. तोंडातल्या जखमेच्या बाबतीत मात्र उंट मोकळाच सोडतो.

महिन्यातून एक जुमा

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठी पाहणी झाली. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक ३५ वर्षांवरील लोकांच्या घरी गेले आणि उजेडात तोंड तपासले. संशयास्पद काही दिसले की डॉक्टरांकडे पाठवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असे दिसले की तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नव्हते. जपानने पोटाच्या कॅन्सरसाठी १९६० च्या दशकातच एक्स-रे काढणाऱ्या गाड्या गावोगाव फिरवल्या होत्या. आपल्या रोगासाठी तर तेवढ्या गाडीचीही गरज नाही. लागतो एक आरसा आणि एक बॅटरी.

महिन्यातून एक जुमा ठरवून घ्या. गुस्ल करून, मिस्वाक करून झाल्यावर, कुल्ली करून आरशासमोर उभे राहा. मोबाइलचा दिवा लावा. ओठ वर-खाली उलटून पाहा. दोन्ही गाल बोटाने बाजूला ओढून आतला भाग पाहा. जीभ बाहेर काढा, उजवी-डावी बाजू पाहा, टाळूला लावून खालची बाजू पाहा. टाळू पाहा. मानेवर दोन्ही बाजूंनी बोटे फिरवा. शेवटी तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. या सगळ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पुढच्यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, त्यातही लाल डाग अधिक धोक्याचा, कारण नसताना हलणारा दात, गालात किंवा मानेत गाठ, तोंड कमी उघडणे, गिळताना अडकणे, जिभेला बधिरपणा, एका बाजूला कान दुखत राहणे. यांतले प्रत्येक लक्षण कॅन्सरच असते असे नाही. बहुतेक वेळा नसते. पण ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे, शेजाऱ्यांचे नाही.

तपासणीसाठी लांब जावे लागत नाही. ३० वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ती होते. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या की ‘आमच्या घरी कुणी नाही खात’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. भगिनींची तपासणी नर्सताई करू शकतात. तालुक्याच्या ठिकाणी दातांच्या डॉक्टरांकडेही ही तपासणी होते.

रोग निघालाच तर हिंमत सोडू नका. सुरुवातीच्या टप्प्यात इलाज झालेले बहुतेक रुग्ण पाच वर्षांनंतरही जगतात आणि कामधंदा करतात. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, मुंबईत परळला १९४१ पासून टाटा मेमोरियल आहे. देवगिरी, नंदीग्रामने परभणीचे कितीतरी रुग्ण दर आठवड्याला मुंबईला जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो यांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार यांवरचे नाव-वय जुळते का हे आजच पाहून ठेवा. कागदातल्या एका अक्षराच्या चुकीपायी इलाज अडकलेली घरे आहेत. मुंबईत राहण्याचा प्रश्न असतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना जात-धर्म न विचारता आसरा देते.

मोहल्ल्याने करायचे काम

सवय एकट्या माणसाची असते, पण ती वाढते मोहल्ल्यात. म्हणून थोडे मोहल्ल्यासाठी.

महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी पुडी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. टपरी चालवणारे अनेक जण आपलेच भाऊ आहेत आणि त्यांच्यामागेही लेकरेबाळे आहेत. त्यांना नुसते नावे ठेवून काही होणार नाही. ज्या बैतुलमालमधून आपण शिलाई मशीन देतो, त्यातून एखाद्या भावाला चहाची, फळांची किंवा किराण्याची गाडी लावून देता येईल. पण तोपर्यंत एक गोष्ट तरी त्याने आजच करावी. शाळा-मदरशाच्या मुलाच्या हातात पुडी देऊ नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्या मालाने दुसऱ्याच्या लेकराचा जबडा जाईल, त्याच्या कमाईत बरकत कुठून येणार?

दावतींमध्ये पान-सुपारीच्या जागी बडीशेप आणि खजूर ठेवा. याला एक रुपयाही जास्त लागत नाही. मशिदीच्या जबाबदारांना आमची विनंती आहे की वर्षातून एक खुतबा या विषयावर व्हावा. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उर्स दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. लांबलांबून सर्व धर्मांचे लोक येतात. ४ फेब्रुवारी हा जागतिक कॅन्सर दिन त्याच दिवसांत येतो. शहरातले दातांचे डॉक्टर आणि आपले तरुण यांनी मिळून तिथे तोंड तपासणीचा एक तंबू लावला, तर एका दिवसात शेकडो तोंडे पाहून होतील.

ज्यांना सोडायचे आहे त्यांच्यासाठी रमजानसारखी संधी नाही. जो माणूस ‘एक तास राहू शकत नाही’ म्हणतो, तोच रोज्यात तेरा-चौदा तास राहतो. म्हणजे ताकद आहे. फक्त इफ्तारनंतर हात पुडीकडे जाऊ द्यायचा नाही. पहिले तीन-चार दिवस कठीण असतात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके दुखते. मग ओढ उतरणीला लागते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. ईदचा चाँद दिसेपर्यंत तेवढे दिवस झालेले असतात. तलफ आली की पाणी प्या, लवंग किंवा वेलची तोंडात धरा, वुजू करा. ओढ काही मिनिटांत जाते. मदतीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १८०० ११ २३५६ आहे. हाच नंबर तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो, पण आपण तो वाचत नाही. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नीयत करावी.

हिशेबही करून पाहा. दहा रुपयांच्या पाच पुड्या रोज म्हणजे महिन्याला दीड हजार आणि वर्षाला १८ हजार २५० रुपये. मानवतच्या त्या मुलीचे कॉलेज एवढ्या पैशांत झाले असते.

या जुम्याला सुरुवात करा. आधी स्वतःचे तोंड पाहा, मग अम्मी-अब्बांचे, मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे. काही दिसले तर सोमवारी दवाखान्यात जा. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो, जे आजारी आहेत त्यांना शिफा देवो आणि त्यांच्या घरच्यांना सब्र आणि हिंमत देवो. आमीन.